बीजाणूचा पत्ता

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कॉलेजात कुणी नवीन रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानावर घातलं जातं की बॉटनीच्या मॅडम बुरशीवर काम करतात आणि त्यांच्या नादाला लागायचं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त पहिली सांगताना लोक ज्या तऱ्हेनं हसतात, तिचा मला आजही संताप येतो.

कारण हसणाऱ्यांपैकी एकानंही कधी विचारलं नाही की बाई, म्हणजे नेमकं काय करता? मी विचारायची वाट न बघता सांगते. नदीकाठच्या जुन्या मातीत हजारो वर्षांपूर्वीच्या बुरशीचे बीजाणू अडकून बसलेले असतात. ती बुरशी केव्हाच गेली. ज्या पानावर, लाकडावर नाहीतर शेणावर ती वाढली तेही गेलं. बीजाणूची साल मात्र इतकी चिवट, की मातीवर जहाल आम्लं ओतून सगळी वाळू विरघळवून टाकली तरी ती शिल्लक राहते. तो उरलेला गाळ काचपट्टीवर घ्यायचा, वर पातळ काच चिकटवायची आणि मायक्रोस्कोपखाली एकेका ठिपक्याकडं बघत बसायचं. पेशी किती? मधले पडदे जाड की पातळ? अंगावर रेघा आहेत, काटे आहेत, की अंग गुळगुळीत? छिद्र आहे का, आणि असलं तर टोकाला आहे की कुशीला? या प्रश्नांची जी उत्तरं येतील त्यावरून त्याचा गट ठरतो आणि मग त्याचं वर्णन लिहायचं असतं.

या वर्गीकरणात मला आवडणारी एक गोष्ट आहे. जीवाश्म बीजाणूंचे आईबाप बहुतेक वेळा सापडतच नाहीत. कुठल्या बुरशीचा, ती कुठल्या घराण्यातली, हे सांगायला कुणी उरलेलं नसतं. म्हणून त्याच्या स्वतःच्या अंगावर जे दिसतं तेवढ्यावरच त्याची जागा ठरवावी लागते. आमच्याकडं माणसांचं बरोबर उलटं चालतं. मी पिंपळवंडीची. आजोबांनी छप्पन्नच्या दीक्षेनंतर लगेच बौद्ध धम्म घेतला, वडील एसटीत कंडक्टर होते, थोडी शेतीही होती. कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी ऑफिसातल्या क्लार्कनं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या अंगाला ते विचारलं. मी विषय कुठला शिकवणार हे सांगायच्या आत त्याचं माझ्यापुरतं काम उरकलेलं होतं. त्याला बीजाणूंचे गट पाडायला बसवला असता तर एकही गट धड पडला नसता.

आईनंही एकदा विचारलं होतं. "लोणच्यावर बुरशी आली का आपण काडून फेकतो. तू तिला जपून ठेवती व्हय?" पण आईचा मला राग येत नाही. तिनं जन्मभर कांद्यावरच्या करप्याशी भांडण केलंय, आणि करपा म्हणजे बुरशीच. तिला तिच्या शत्रूची माझ्याइतकीच ओळख आहे.

आमच्या शिवाराखाली कुकडीच्या काठाला करड्या चिकणमातीचा एक थर आहे. पाणी उतरलं की तो उघडा पडतो. त्याच्यावर वाळूगोटे, त्यावर पिवळट माती, आणि सगळ्यात वर आमचे कांदे. लहानपणी पोळ्याला आम्ही याच चिकणमातीचे बैल करायचो. पुढं शिकले, डोळे जरा उघडले, तेव्हा कळलं की आपण ज्याचे बैल करत होतो तो फार जुन्या दलदलीचा तळ आहे. मग मी बैल सोडून त्याच्या पिशव्या भरायला लागले. आम्लांचं काम घातक असतं, त्यासाठी विशेष सोय लागते आणि आमच्या कॉलेजात तर धड बेसिनला पाणी येत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी पिशव्या घेऊन पुण्याच्या एका संस्थेत जायची. तिथं माझे मार्गदर्शक होते. माती विरघळवायची, काचपट्ट्या करायच्या आणि जूनमध्ये त्या घेऊन परत यायचं. वर्षभर तास संपले की आमच्या जुन्या मायक्रोस्कोपवर त्या बघायच्या.

हा मायक्रोस्कोप माझ्या आधीपासून कॉलेजात होता. पितळेचा, वजनदार, खाली प्रकाश घ्यायला आरसा. बाकीचे लोक त्याला हात लावत नसत कारण त्याचं चाक जड फिरायचं. मला त्याची सवय होती. त्याच्याखालीच मला तो सापडला.

तो म्हणजे चार पेशींचा, गडद तपकिरी बीजाणू. मधल्या दोन पेशी काळपट, टोकाच्या दोन फिकट, अंगावर बारीक उभ्या रेघा. एका टोकाला छिद्र आणि छिद्राभोवती जाड कडा, बांगडीसारखी. रेघा असलेले चारपेशी बीजाणू पूर्वी नोंदवलेले आहेत. अशी कडा असलेलं छिद्र कुणीही नोंदवलेलं नव्हतं. करप्याचा आजचा बीजाणू हवेतून येऊन पडला असेल, ही शंका मी सगळ्यात आधी घेतली, कारण आमच्याकडच्या हवेत त्यांना तोटा नाही. पण हा दाबून चपटा झालेला होता, सालीचा रंग जुन्या मातीत मुरलेला होता, आणि त्याच थरात त्याचे आणखी भाऊबंद निघाले. फक्त ते सगळे मोडके होते. कुणाचं एक टोक गेलेलं, कुणाचे मधूनच दोन तुकडे. धडधाकट असा हा एकटाच.

नव्या बीजाणूला नाव द्यायचं तर एक अस्सल नमुना नेमून द्यावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. पुढं कुणाला शंका आली तर त्यानं येऊन तोच नमुना बघायचा. म्हणून तो कुठं ठेवलाय हे छापावं लागतं, आणि काचपट्टीवर नेमका कुठं आहे तेही. काचपट्टीवर असे काळे ठिपके मोजता येणार नाहीत इतके असतात. मायक्रोस्कोपच्या ज्या चौकटीत काचपट्टी बसते तिला दोन बाजूंना दोन पट्ट्या असतात, त्यांवर आकडे कोरलेले. बीजाणू बरोबर मध्ये आणला की दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे टिपून घ्यायचे. तोच त्याचा पत्ता. मात्र हा पत्ता त्या एका मायक्रोस्कोपपुरताच खरा असतो. दुसऱ्यावर तेच आकडे लावले तर भलत्याच ठिकाणी नेतात.

काचेवर बीजाणूभोवती शाईनं गोल काढला तर हे लचांड उरत नाही, हे मलाही समजतं. पण माझ्या मार्गदर्शकांची शिस्त अशी, की काचपट्टीवर खूण करायची नाही. गोल दिसला की बघणारा गोलातच बघतो, बाकीची काचपट्टी कुणी बघत नाही, असं ते म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेले आम्ही सगळे आजही आकडेच लिहितो. त्या शिस्तीलाही मी पुढं भरपूर शिव्या दिल्या.

नमुना पुण्याला ठेव असं ते म्हणत होते. तिथं कपाटं आहेत, माणसं आहेत, सगळं रीतसर आहे. मी नाही म्हणाले. आमच्या जुन्नर-आंबेगावचं पाणी कालव्यानं खाली जातं, टोमॅटो मुंबईला जातो, पोरं चाकणला आणि पुण्याला जातात. एक बीजाणू तरी इथं राहू दे, असं माझं म्हणणं होतं. मी त्याला कुकडीचं नाव देणार होते. त्या नावाचा अस्सल नमुना बघायचा तर जगातल्या कुठल्याही शहाण्यानं जुन्नरला यावं, एसटी स्टँडवर उतरावं आणि आमच्या कॉलेजात येऊन माझ्या कपाटातून तो मागावा, असं मला वाटायचं. दुसरं काही मी आयुष्यात फारसं मागितलेलं नाही.

लेख पाठवला. काही महिन्यांनी परीक्षकाचं उत्तर आलं. वर्णन चांगलं आहे, पण फोटोत छिद्राची कडा स्पष्ट नाही. हे खरंच छिद्र आहे की मोडलेलं तोंड? भिंग वरखाली करून वेगवेगळ्या पातळ्यांवर काढलेले फोटो पाठवा, नाहीतर नवीन नाव देता येणार नाही. प्रश्न रास्त होता. मी त्याच्या जागी असते तर हाच विचारला असता. मोडलेलं तोंड असेल तर हा नवा नव्हेच, जुन्याच एका गटातला फुटका गडी. मी स्वतः भिंग फिरवून ती कडा पाहिलेली होती. पण मी पाहिली म्हणून कुणी नाव देत नाही, आणि देऊही नये. मुदत दिवाळीनंतरची होती. मी सुट्टीत मुलीकडं जाऊन आले आणि आल्या आल्या काचपट्टी घेऊन प्रयोगशाळेत गेले.

टेबलावर मायक्रोस्कोप नव्हता. त्याच्या जागी स्क्रीन असलेला नवा, पांढरा, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे आमचे शिपाई, ओझरचे आहेत. माझ्याबरोबरच नोकरीला लागले. ते माझ्या तोंडाकडं न बघता खिडकीच्या काचा पुसत राहिले. मी विचारल्यावर म्हणाले, "मॅडम, मी बोललो व्हतो, मॅडमला इचारा म्हून. सायेब म्हणले, मॅडम सुट्टीवर हायेत, आन समिती येनार हाये."

समिती म्हणजे कॉलेजला श्रेणी देणारी मूल्यांकन समिती. ती येणार म्हटलं की आमच्याकडं लगीनघाई सुरू होते. कुंड्या येतात, भिंतींवर सुविचार येतात, जिथं कधी कुणी बसलं नाही तिथं वाचनकट्टे उगवतात. या वेळी प्राचार्यांच्या मनात आलं की दर्शनी हॉलमध्ये विज्ञानाचं प्रतीक असावं. त्यांनी माझा मायक्रोस्कोप उचलून हॉलमध्ये नेला, विटांचा चौथरा बांधून त्यात त्याचा पाय सिमेंटनं बसवला आणि त्याला नखशिखांत सोनेरी रंग दिला.

मी हॉलमध्ये गेले तेव्हा पेंटर दुसरा हात मारत होता. हा पेंटर पिंपरी पेंढारचा, देवळांचे कळस रंगवणारा. भिंग सोनेरी, आरसा सोनेरी, चाकं सोनेरी. त्या दोन पट्ट्यांवरच्या आकड्यांत रंग भरून त्या सपाट झालेल्या. मी त्याला थांब म्हणाले. त्याला वाटलं रंग टिकेल का याची मला काळजी आहे. तो म्हणाला, "मॅडम, कळसाचा रंग हाये. पावसात बी जानार न्हाई." त्या भल्या माणसावर काय ओरडणार? मी त्याच पावली प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

प्राचार्य फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी मला बसा म्हटलं, चहा मागवला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पत्ता, आकडे, परीक्षक, मुदत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, नवीन दिलाय ना तुम्हाला? त्याच्यात तर जास्त मोठं दिसतं."

मी पुन्हा सांगितलं. नव्यावर तो पत्ता चालत नाही. गावातल्या सगळ्या घरांचे नंबर पुसून टाकले तर पोस्टमन काय करील, तसं झालंय. ते म्हणाले, मग विचारत विचारत जाईल. आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले की समिती जाईपर्यंत त्या मॉडेलला कुणी हात लावायचा नाही आणि समिती गेली की त्यावर काचेची पेटी बसणार आहे. मॉडेल. मी त्यांना म्हणाले, सर, ते मॉडेल नाही, ते माझं काम करायचं यंत्र आहे. ते म्हणाले की यंत्र कॉलेजचं आहे. हे मात्र खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं.

नव्या मायक्रोस्कोपवर मी शोधायला बसले. तास सांभाळून, डबा टेबलावरच खाऊन, काचपट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीनं. स्क्रीनवर सगळं मोठं दिसत होतं यात शंका नाही. सगळा कचरा मोठा दिसत होता. चारपेशी बीजाणू भेटत होते, रेघांचे भेटत होते, फुटक्या तोंडाचे तर ढिगानं. वरचा चिकट द्रव सुकून काही ठिकाणी बुडबुडे झालेले, त्यांच्याखाली काय दडलंय ते दिसत नव्हतं. दोन ओळींच्या मध्ये एखादी बारीक फट राहून गेली तरी तो निसटणार, आणि नव्याची चौकट तर जराशी ढिलीच होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी शेवटी तर माझ्याच मनात यायला लागलं, की बाई, खरंच कडा होती, की तुला हवी होती म्हणून दिसली? ही शंका मला कुणी परीक्षकानं दिली नव्हती. ती सोनेरी रंगानं दिली होती, आणि त्याबद्दल मी प्राचार्यांना अजून माफ केलेलं नाही.

मुदत संपत आली होती. मी मामांना विचारलं, पेंटरनं ती चौकट सोडवून रंगवली का? सोडवली असेल तर खेळ खल्लास, कारण पुन्हा बसवताना केसभर जरी सरकली तरी आकडे बाद. मामा म्हणाले, "सोडवायला गेला व्हता, पन स्क्रू गंजल्याला. लई जोर लावला, निघाला न्हाई. मंग तसाच रंगावला." त्या गंजाचे मी मनापासून आभार मानले. मामांकडून टर्पेंटाइनची बाटली आणि जुनं फडकं घेऊन पर्समध्ये ठेवलं.

समितीच्या दिवशी हॉलमध्ये रांगोळी, सनई, आम्ही सगळ्या बायका फेट्यांत. तो फेटा मला नको होता, पण बॉटनीच्या विभागप्रमुख म्हणून मला पहिल्या रांगेत उभं केलेलं. चौथऱ्यावर भगवं कापड झाकलेलं होतं. समितीच्या अध्यक्षा बाहेरगावच्या, रसायनशास्त्राच्या, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या बाई, त्यांनाही फेटा बांधलेला. त्यांनी कापड ओढलं, मामांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि चौथऱ्यावर नारळ फोडला. टाळ्या झाल्या. बाई जवळ गेल्या, सोनेरी चाकाला बोट लावलं आणि सहज विचारलं, हे अजून चालतं का?

प्राचार्य म्हणाले, ऐतिहासिक आहे, ऐतिहासिक.

मी म्हणाले, "चालतं. मला आत्ता लागणार आहे."

आणि माळ काढून बाजूला ठेवली. पर्समधून बाटली काढली. सनईवाला अजून वाजवतच होता, त्याला काही कळलं नव्हतं. मी फडकं भिजवून त्या पट्ट्यांवर घासायला लागले. प्राचार्य माझ्या कानाशी येऊन दातओठ खात काहीतरी म्हणाले, ते मी ऐकलं नाही. मी अध्यक्षाबाईंना सांगत सुटले, मोठ्यानं, कारण मला मोठ्यानंच बोलता येतं. की यात शोभेचं काही नाही, याच्याखाली कुकडीच्या मातीतल्या एका बीजाणूचा पत्ता आहे, तो पत्ता रंगवून टाकलाय, आणि उद्यापर्यंत तो सापडला नाही तर या नदीच्या नावाचं जे एक बारीकसं काहीतरी जगात होणार होतं ते होणार नाही.

फडकं सोनेरी झालं. कोरलेल्या रेघांमधला रंग मी पिनेनं उकरला. आकडे वर आले. चाक आधी हललंच नाही, मग मामांनी पुढं होऊन दोन्ही हातांनी धरून फिरवलं आणि रंगाचा पापुद्रा मोडून ते फिरलं. पर्समधली काचपट्टी काढून चौकटीत बसवली. भिंगाचा काही उपयोग नव्हता, म्हणून मामांनी पोरांच्या मायक्रोस्कोपचं भिंग आणून फिरवून बसवलं. डोळा लावायची नळीही तिथलीच. आरशाला रंग होता, खालून उजेड येणार कुठून? अध्यक्षाबाईंनी न सांगता आपल्या फोनचा टॉर्च लावला आणि त्या फेट्यासकट वाकून काचपट्टीच्या खाली धरून उभ्या राहिल्या. मी दोन्ही पट्ट्या माझ्या आकड्यांवर आणल्या आणि डोळा लावला.

तो तिथंच होता. जरासा उजवीकडं, पण तिथंच. चार पेशी, दोन काळ्या, दोन फिकट. मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही. बाईंनीही बघितलं. त्यांना एक तपकिरी ठिपका दिसला, असं त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. मी पर्समधलं बारीक टोकाचं पेन काढलं आणि मार्गदर्शकांची क्षमा न मागता काचेवर त्याच्याभोवती गोल काढला. मग समितीला तिथंच सोडून प्रयोगशाळेत पळाले आणि नव्या मायक्रोस्कोपवर वरपासून खालपर्यंत फोटो काढले. कडा होती. प्रत्येक पातळीवर होती, अखंड, बांगडीसारखी. फुटक्या तोंडाला अशी कडा नसते. त्याच संध्याकाळी फोटो रवाना केले.

समितीच्या अहवालात आमच्या कॉलेजचं कौतुक आलं. वैज्ञानिक वारशाचं जतन, असे शब्द होते, आणि सोबत चौथऱ्याचा फोटो, कापड ओढतानाचा. त्याच आठवड्यात मला ऑफिसातून कारणे दाखवा नोटीस मिळाली. महाविद्यालयाच्या मालमत्तेचं जाहीर विद्रूपीकरण केल्याबद्दल. पेंटरला बोलावून पट्ट्यांवर पुन्हा सोनेरी हात मारला आणि वर काचेची पेटी बसवली. नोटिशीला मी उत्तर दिलं की पितळेवरचा रंग काढणं याला विद्रूपीकरण म्हणत नाहीत. त्यावर पुढं काही झालं नाही. आमच्याकडं कशावरच पुढं काही होत नाही.

मग परीक्षकाचं पत्र आलं. छिद्र मान्य, कडा मान्य, नाव मान्य. छापायला घेण्याआधी एकच विचारलं होतं, अस्सल नमुना कुठं ठेवलाय ते पक्कं कळवा. मी माझ्या कपाटासमोर जाऊन उभी राहिले. कपाटाला नवा रंग लावलेला होता, आतल्या काचपट्ट्यांच्या पेट्या समितीच्या आदल्या दिवशी कुणीतरी उचलून झाडूंच्या खोलीत ठेवल्या होत्या आणि तिथून त्या मामांनी परत आणल्या होत्या. मी दोन वर्षांनी निवृत्त होणार. माझ्यामागं या कपाटात काय आहे हे सांगायला इथं कोण आहे? राग माझ्याकडं भरपूर होता, पण राग म्हणजे काही कुलूप नव्हे. मी कळवलं, नमुना पुण्यात आहे. आणि मग तो खरोखरच पुण्याला पोचवायला निघाले.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. मंचरला एक म्हातारीशी बाई शेजारी येऊन बसली, सातगाव पठारावरच्या बटाट्यांची पिशवी पायाशी घेऊन, पुण्याला लेकीकडं निघालेली. माझ्या मांडीवरची लाकडी पेटी बघून तिनं विचारलं, "ताई, यात काय हाये?" मला कुणी विचारलेलंच नव्हतं इतक्या दिवसांत. मी तिला सगळं सांगितलं. नदी, माती, चार पेशी, सोनेरी रंग, नारळ, नोटीस. खेड येईपर्यंत सांगत होते आणि माझा आवाज इतका चढला की पुढचे दोघेतिघे मान वळवून ऐकायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं. प्राचार्यांना एक चांगली गावरान शिवीही दिली, ती ऐकून मला बरं वाटलं.

मग ती म्हणाली, "आन तरी तुमी ते पुन्यालाच देऊन टाकताय?"

मी पेटी दोन्ही हातांनी धरली आणि बस चाकणला पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.